माणूस आतून कसा बदलतो? टिळकांच्या घरातून आणि केडगावच्या ‘मुक्ती’तून घेण्यासारखं



‘दादा, ट्रेनिंग दिलं की पोरं पंधरा दिवस नीट वागतात, मग पुन्हा जैसे थे. काय करायचं?’ दोंडाईच्यातल्या दुकानदारांकडून मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कापडवाले विचारतात, किराणावाले विचारतात, मिरचीचे व्यापारी तर सीझन लागला की हमखास विचारतात. व्हिडिओत वेळेचं बंधन असतं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो.

उदाहरण मात्र यावेळी बाजारातलं नाही. ख्रिस्ती मंडळींमध्ये ‘शिष्यत्व’ नावाची एक फार जुनी पद्धत आहे. नेता तयार करायचा तर त्याला भाषण शिकवून भागत नाही, आधी त्याला शिष्य म्हणून घडवावं लागतं, आणि शिष्य घडला की नाही ते त्याच्या आत झालेल्या, टिकलेल्या बदलावरून कळतं, असं ते मानतात. आपल्याच ताप्ती लाईनवर चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना आहे, नवापूरकडे गावोगाव चर्च आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. यावर बोलायला लागलं की काहींचा आवाज चढतो, तेही मला ठाऊक आहे. मी हे धर्मप्रचारासाठी लिहीत नाही आणि धर्मावर टीका करायलाही नाही. माणूस टिकाऊ बदलतो कशाने, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचे मराठीतले सगळ्यात बोलके दाखले मला इथे सापडले.

बारा माणसं, तीन वर्षं

बीबीएला आम्हाला ‘सर्व्हंट लीडरशिप’ नावाचा मुद्दा होता. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचा माणूस, एटी अँड टी कंपनीत जवळजवळ चाळीस वर्षं काढलेला, त्याने १९७० मध्ये एक निबंध लिहिला: नेता आधी सेवक असतो. आम्ही पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केलं आणि पुढे सरकलो.

ही कल्पना शुभवर्तमानात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणं हे त्या काळी घरातल्या नोकराचं काम. पेत्र नावाचा शिष्य तर ऐकायलाच तयार नव्हता, तुम्ही माझे पाय धुणार म्हणजे काय! हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्याच्या आधीची साधारण तीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. बारा माणसं निवडली. त्यातले काही मासे धरणारे, एक जकात वसूल करणारा, ज्याच्याकडे लोक तुच्छतेने बघायचे. त्यांना वर्गात बसवलं नाही. सोबत चालवलं, सोबत जेवू घातलं, चुकले तिथे सुनावलं. मग दोघादोघांच्या जोड्या करून गावांमध्ये पाठवलं आणि परत आल्यावर काय काय झालं ते ऐकून घेतलं. गर्दी हजारांची जमायची, पण खरा वेळ जायचा तो या बारा जणांना.

दुकानदारांसाठी एक गोष्ट सांगतोच. या मंडळींच्या खर्चाची थैली, म्हणजे आपल्या भाषेत गल्ला, यहूदाकडे होता, आणि तो त्यातले पैसे काढायचा असं योहानाने लिहून ठेवलंय. पुढे त्यानेच दगा दिला. तीन वर्षं तोच गुरू, तेच जेवण, तोच प्रवास, आणि बारातला एक आतून बदललाच नाही. दुसरीकडे पेत्राने ऐन वेळी तीनदा ‘मी याला ओळखत नाही’ म्हटलं, तरी त्याला काढून टाकलं नाही, उलट पुढची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. ‘आमच्या कोर्सने शंभर टक्के रिझल्ट’ अशी जाहिरात करणाऱ्या आम्हा ट्रेनर लोकांनी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

टिळकांच्या घरात काय झालं

आता आपल्या मातीत येऊ. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचे. कवी, विद्वान, स्वभावाने तापट. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. ते वाचत गेले, प्रश्न विचारत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते पुढे सांगत. म्हणून त्यांनी चर्चसाठी जे लिहिलं ते अभंगाच्या, भजनाच्या वळणाचं लिहिलं.

पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगायची आहे. नवऱ्याने धर्म बदलला म्हणताच त्यांच्यावर आभाळ कोसळलं. सुमारे पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या. बरं का, नवऱ्याकडे आल्या, त्याच्या धर्मात नाही. त्यांचं सोवळंओवळं तसंच राहिलं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. विटाळ होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःवरच हसत लिहून ठेवलंय.

टिळकांनी काय केलं? सक्ती केली नाही. तापट माणूस, घरात आलेला पैसा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू न देणारा, वस्तू विसरणारा. आदर्श मॅनेजर म्हणून कुणी त्यांना नेमलं नसतं. पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी तिला मोकळं ठेवलं. त्याच वेळी स्वतःचं घर मात्र सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. निराधार मुलं घरात यायची, कुठल्या जातीचं कोण हे न विचारता जेवायची, आजारी पडायची, बरी व्हायची. लक्ष्मीबाई हे रोज बघत होत्या. कुणी प्रवचन देत नव्हतं.

मग राहुरीला असताना, नगर जिल्ह्यातल्या त्या गावी, त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारला, की जात देवाने केली की माणसांनी? विचार करता करता उत्तर आलं, माणसांनी. झालं! त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी प्यायला, अन्न खायला त्यांना अडचण राहिली नाही. टिळकांनाही हा बदल झाल्यावरच कळला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला.

हा क्रम तुम्ही नीट लक्षात घ्या. आपण नेहमी उलटं करतो. आधी शपथ, आधी युनिफॉर्म, आधी भिंतीवर ‘ग्राहक हा देव’ची पाटी, आणि मग वाट बघत बसायचं की आत काहीतरी होईल. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आत आधी झालं, विधी नंतर आला. आणि आत जे झालं त्याला वर्षं लागली. त्या वर्षांत दोनच गोष्टी सतत होत्या: डोळ्यासमोर रोजचं उदाहरण, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक. मोकळीक नसती तर त्यांनी नवऱ्याला खूष करायला वरवर होकार भरला असता. तुमच्या दुकानातला पोरगा तुमच्यासमोर ‘हो शेठ’ म्हणतो ना, तसा.

आपल्या खान्देशातलाही एक माणूस या घरात राहून गेला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, धरणगावचे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, पुढे ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. त्यांचे रुसवेफुगवेही ‘स्मृतिचित्रे’त आहेत. या घरातून ते कवी म्हणून मोठे झाले आणि हिंदूच राहिले. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले, वय सत्तावीस. टिळकांचं शिष्यत्व म्हणजे निव्वळ माणसं आपल्या धर्मात ओढणं असतं, तर बालकवी हे त्यांचं अपयश म्हणावं लागलं असतं. मला ते उलट त्यांच्या पद्धतीचं प्रमाणपत्र वाटतं.

रमाबाईंनी स्वतःलाच लावलेली कसोटी

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोनेक वर्षांतच गेला, लहान मुलीला घेऊन ही बाई इंग्लंडला गेली आणि तिथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी ‘शारदा सदन’ काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

इथे मोठा वाद झाला. धर्मात ढवळाढवळ होणार नाही असं सदनाचं धोरण होतं, पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसायला लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातली माणसं बाजूला झाली. आश्रय देणाऱ्याच्या घरात राहणारी मुलगी त्याच्या धर्माकडे वळली तर तो बदल तिच्या मनाचा की तिच्या गरजेचा, हा पालकांचा प्रश्न होता. माझ्या मते तो प्रश्न रास्त होता. ज्याच्या हातात जेवण किंवा पगार असतो त्याचा साधा शब्दसुद्धा दबाव होतो.

पण हाच प्रश्न रमाबाईंनी स्वतःलाही विचारला होता, आणि मला तो भाग जास्त भिडतो. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितलंय की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ताचा धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. जगात नाव झालेलं, अमेरिकेत भाषणं झालेली, संस्था चालू झालेली, आणि ही बाई म्हणते की आत ते घडलंच नव्हतं. त्या काळात त्यांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचलं. हे गृहस्थ वर्षानुवर्षं प्रवचनं देत होते आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनात, बोलता बोलता, ते स्वतः पालटले. ऐकणाऱ्यांच्या आधी बोलणारा! पुण्याला जाऊन दोन दिवसांचं लीडरशिप शिबिर घेणाऱ्या आम्हा लोकांपैकी किती जणांना हे झालंय, असा प्रश्न वाचताना मनात येऊन गेला.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. आता विचार करा, एक बाई दोन हजार जणींपर्यंत पोहोचणार कशी? त्यांनी शारदा सदनात आधी तयार झालेल्या मुलींच्या हाती नव्याने आलेल्या मुली सोपवल्या. जी काल स्वतः आश्रयाला आली होती, ती आज दुसरीला न्हाऊ घालते, अक्षर शिकवते, रात्री शेजारी झोपते. दोघादोघांच्या जोड्यांचीच ही मराठी आवृत्ती म्हणा ना.

सोबत काम. शेती, दुधाची गुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत बायकाच. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं आणि ते याच छापखान्यात छापलं गेलं. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी आध्यात्मिक लाट आली होती, मुली रडत होत्या, रात्र-रात्र प्रार्थना चालायच्या, परदेशातून लोक बघायला आले. त्या लाटेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. दुकानदार म्हणून माझी नजर मात्र लाट ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांचं दूध कोणी काढलं याकडे जाते. दूध निघत होतं, खिळे जुळत होते. तिथे मला बदल दिसतो.

रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांचा उजवा हात होती. ती १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

टिळकांचं तसं झालं नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम आणि पगार सोडला, संन्याशाच्या वृत्तीने राहायला लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात बरोबरीने. कल्पना काळाच्या फार पुढची. पण ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. एकाच माणसाच्या ओढीवर उभं राहिलेलं काम त्याच्याबरोबर बसतं. धंद्यात आपण हे रोज बघतो, बापाचं दुकान बापाच्या जिभेवर चालायचं, बाप गेला की शटर अर्धं खाली.

मग दुकानात काय करायचं

पहिलं म्हणजे सगळ्यांना एकदम बदलायला जाऊ नका. सहा माणसं असतील तर दोन निवडा आणि तुमचा वेळ त्यांच्यावर घाला. माल उतरवताना सोबत राहा, उधारीवाल्या गिऱ्हाईकाशी तुम्ही कसं बोलता ते त्यांना बघू द्या, संध्याकाळी हिशेब जुळत नसेल तर त्यांच्यासमोर बसून जुळवा. त्यांनी बघितलेलं त्यांच्या अंगात उतरतं. आठ-दहा महिन्यांनी या दोघांच्या हाती एकेक नवा माणूस द्या आणि तुम्ही मागे सरका. मागे सरकणं शेठ लोकांना सगळ्यात जड जातं, कारण गिऱ्हाईकाने आपलं नाव घेऊन विचारलेलं आपल्याला आवडतं.

हलकं काम तुम्हीही करा, पण फोटो काढायला नको. अमळनेरला साने गुरुजी १९२४ पासून काही वर्षं प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे. मुलांच्या खोल्या झाडणं, पसारा आवरणं ते गुपचूप करायचे. मुलं लाजून स्वतः करायला लागली. तिथे ख्रिस्ती धर्म नव्हता, पण पाय धुण्याचं तत्त्व तेच होतं.

चूक झाली की पेत्र आणि यहूदा यांच्यात फरक करा. घाबरून खोटं बोललेला आणि नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगणारा पोरगा वेगळा, वर्षभर गल्ल्यातून थोडे-थोडे काढणारा वेगळा. पहिल्याला पुन्हा जबाबदारी द्या, दिसेल अशी द्या. दुसऱ्याला प्रेमाने समजावून बघा, पण गल्ल्याची किल्ली मात्र त्याच्याकडे ठेवू नका. किल्ली कुणाकडे ठेवायची, एवढा निर्णय तरी आपल्या हातात असतो.

आणि शेवटी एक इशारा, कारण मागच्या वेळी दोघा-तिघांनी फोन करून विचारलं की स्टाफला रोज सकाळी प्रार्थनेला, आरतीला उभं करू का. तुमची श्रद्धा तुम्ही पाळा, दुकानात दिवा लावा, कुणी अडवत नाही. पण हजेरीसारखी सक्ती नको. तुम्ही पगार देता. तुमच्यासमोर हात जोडणारा माणूस देवाला जोडतोय की तुम्हाला, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. पुण्याच्या पालकांचा १८९३ चा प्रश्न तुमच्या दुकानालाही लागू आहे, मग तुमचा धर्म कुठलाही असो.

‘स्मृतिचित्रे’ गावच्या वाचनालयात बहुतेक मिळेल, पुस्तक फार जाड वाटलं तर निदान राहुरीचा भाग वाचा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं येशूचं चरित्रकाव्य सुरू केलं होतं, ते अर्धवट ठेवून ते गेले. लिहायला-वाचायला टिळकांकडूनच, त्यांची चिडचिड सोसत शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केलं, आणि त्यातला मोठा भाग त्यांचाच आहे.

पुढच्या व्हिडिओत कामगारांना दिलेली उचल आणि तिची वसुली यावर बोलू. त्यावर तुमचे अनुभव असतील तर कळवा.